बाकी

तिसऱ्या दिवशी बिहीच्या दुकानातून निघालं ते एवढंच :
निळ्या कागदातले साखरेचे चार शंकू, एकही न फुटलेला,
तराजूचं एक पारडं,
आणि उधारीची वही.
कव्हरावर तेलाचा डाग, तो आधीचाच.

रस्ता दरडीखाली. ॲटलासच्या या उतारावर
तेव्हा फक्त खेचरं पोचत होती,
आणि खेचरांमागून धापा टाकत आलेला एक शिपाई.
गावात माणसं किती होती, विचारू लागला.
मुकादम स्वतःच मातीखाली,
शाळेचा हजेरीपट शाळेखाली.
बिहीनं वही उघडली.

वहीत सगळं गाव होतं.
मीठ. काड्यापेटी. चहा अर्धा पाव. सेल दोन.
तो नाव वाचायचा
आणि अक्रोडाखाली बसलेले आम्ही म्हणायचो, आहे.
किंवा काहीच म्हणायचो नाही.
तेव्हा तो पेन्सिल जिभेला लावायचा
आणि फुली नाही, ठिपका द्यायचा.

यिदीर. लिमलेटच्या गोळ्या, अर्धा दिरहम.
सात वर्षांचा, पण हट्टानं स्वतःचं खातं काढलेला.
त्याच्या नावाचा अर्थ आमच्या भाषेत 'जगो'.
आधीची दोन राहिली नाहीत म्हणून ठेवलेलं.
ठिपका.

सिमेंट पडलं तर मध्ये पोकळी राहते म्हणतात.
माती नाही ठेवत.
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं
आणि कुणीही ते बोललं नाही. खणत राहिलो.

पाचव्या दिवशी शहरातले ट्रक वळणापर्यंत आले.
तिथून पाठीवर : तंबू, गाद्या, पाणी,
आणि एका खोक्यात उंच टाचांचे बूट, सोनेरी.
इज्जानं ते पायात घातले, शेणातून दोन पावलं टाकली,
कमरेवर हात ठेवून उभी राहिली.
बायका हसल्या.
तोंडावर पदर ओढून, चोरी केल्यासारख्या, पण हसल्या.
मग त्याच बुटानं इज्जानं तंबूच्या खुंट्या ठोकल्या.

भट्टी तलैतमासनं लिंपली, पडक्या घरांच्याच मातीनं.
आत जळतंय ते दार कुणाचं, हे विचारायचं नाही असं ठरलं.
ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला भाकरी आधी, असंही ठरलं.
रांग लावायला गेलो
तर सगळेच आधी.

अक्रोड मात्र पिकून फुटत होते,
ते कुणासाठी थांबतात?
इर्जिक घातली. गेलेल्यांची झाडं पहिल्यांदा झोडली.
सालींनी हात काळे झाले, कोपरापर्यंत,
नखांखाली त्याआधीची माती होतीच.
चहा ओतताना पेल्यात वर्तुळं उठली की
बोलणं तुटायचं.
सगळे पेल्याकडे बघत.
मग कुणीतरी म्हणायचं, ओत.

बर्फ पडायच्या आत बिहीनं ताडपत्रीखाली दुकान मांडलं
आणि म्हणाला, वही जाळतो. कुणाचं काही देणं नाही.
त्याला वाटलं, आम्ही दुवा देऊ.
केवढं भांडण झालं!
म्हातारा ओबेल्ला तर काठी घेऊन उठला,
माझ्या पोरांना काय फुकटे म्हणतोस?

म्हणून वही आहे.
यिदीरचा अर्धा दिरहम तेवढा कुणी भरत नाही.
बाप एकदा नाणं घेऊन आला होता,
मुठीत तसंच घेऊन गेला.

तुदाच्या नवऱ्याच्या नावावर सत्तेचाळीस होते.
देईन, ती म्हणाली, पण एकदम नाही.
दर बुधवारी ती एक दिरहम आणते.
बिही लिहितो : जमा एक.
तिला वाचता येत नाही. ओळीवर बोट ठेवते.
हम्मू इथंच ना?
इथंच.
मग ती मीठ मागते, कधी काड्यापेटी,
आणि पिशवीची गाठ मारता मारता सांगते,
त्याच्याच खात्यावर मांड.